गिटार खाली ठेवल्यावर

बँड फुटतात ते पैशावरून किंवा नावावरून, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, रिकामे हात हे त्याहून मोठं कारण असावं. गाणं चांगलं होतंय आणि त्यात आपल्याला काम नाही, हे सोसणं फार थोड्यांना जमतं. रेडिओहेड या बँडमधल्यांना ते जमलं.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधली एकाच शाळेतली ही पाच मुलं. १९९१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, पुढच्या वर्षी ‘क्रीप’ आलं. गाणं फारच शांत वाटलं म्हणून जॉनी ग्रीनवुडने कोरसच्या तोंडावर गिटारवर दणके हाणले, आणि लोकांच्या डोक्यात तेच बसले. १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बमनंतर तर याच गिटारच्या जोरावर पुढची दहा वर्षं आरामात निघाली असती.

पण गायक थॉम यॉर्कला गिटारचाच उबग आला. २००० मधल्या ‘किड ए’तलं ‘इडियोटेक’ ऐका. जॉनीने मॉड्युलर सिंथेसायझरवर तासाभराच्या आसपास खटपट करून टेप यॉर्कला दिली, यॉर्कने त्यातला मिनिटभराचाही नसेल एवढा तुकडा उचलला. त्यात संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतले सूर सापडतात. ठेका यंत्राचा. मग ड्रमर फिल सेलवे आणि गिटारवाला एड ओब्रायन यांनी करायचं काय? ओब्रायनला तेव्हा हा प्रश्न खरोखर पडला होता. तरी दोघं राहिले.

याला नुसता मोठेपणा म्हणू नये, व्यवहारही होता. गाण्यांचं श्रेय कुणा एकाच्या नव्हे, बँडच्या नावावर लागत होतं. तरी इथे सगळे सारखे होते असं मात्र नाही. यॉर्क स्वतःच आपल्या कारभाराला संयुक्त राष्ट्रसंघ म्हणायचा, आणि त्यातली अमेरिका आपणच, हेही सांगून टाकायचा!

ईएमआयचा करार संपल्यावर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ त्यांनी श्रोत्यांना हव्या त्या किमतीत डाउनलोडला दिला. बोलबाला त्या किमतीचाच झाला. त्या अल्बममध्ये गिटार किती मोकळेपणाने परतली होती, याकडे त्यामानाने कमी लक्ष गेलं.

घाई हा त्यांचा स्वभावच नव्हे. ‘ट्रू लव्ह वेट्स’ १९९५ पासून मंचावर गिटारवर गायलं जात होतं, चाहत्यांना पाठ होतं. स्टुडिओतलं रूप आलं थेट २०१६ मध्ये, आणि त्यात गिटारच्या जागी पियानो होता. काही जुने चाहते अजून त्यावर नाराज आहेत.