गुप्त सरस्वती

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला उभं राहिलं की नद्या मोजायचा मोह होतो. भोगावती दिसते, कासारी दिसते; तुळशी आणि कुंभी वरच त्यांच्यात मिसळून आलेल्या. पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे असं म्हणायचं आणि पंचगंगेला हात जोडायचे.

इंग्रजीत अशा संगमाला ‘कॉन्फ्लुअन्स’ म्हणतात. शाळेत हा शब्द मी पाठ केला. कळला फार उशिरा, आतल्या लॅटिन धातूमुळे. ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. मग ‘फ्लुएंट’ बोलणाऱ्याच्या तोंडीही पाणी दिसू लागलं.

पण माझा सर्वांत लाडका शब्द ‘रायव्हल’. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओढा आणि ‘रीवालिस’ म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी घेणारा दुसरा माणूस. वैरी नव्हे, शेजारी! पाळी कुणाची, रात्रीत पाट कुणी फोडला, यावरून उसाच्या पट्ट्यात सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. नदी अडवायच्या एका पद्धतीला ज्याचं नावच मिळालंय, त्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या मुलखात हा शब्द कोशाशिवाय समजावा. आपल्याकडेही ‘भाऊबंद’ हे नातंच. ‘भाऊबंदकी’ म्हटलं की मात्र कोर्टाची पायरी आठवते.

धातूंच्या याद्या घोकून घेणाऱ्या क्लासांशी माझं भांडण एवढंच, की तिथे धातू किल्लीसारखा हाती देतात. घाला, फिरवा, अर्थ उघडला. धातू इतका सरळ वागत नाही. ‘संगम’ आणि ‘कॉन्फ्लुअन्स’ जुळे वाटतात, पण रक्ताचं नातं नाही. ‘सम्’ वेगळा, ‘कॉन’ वेगळा. घडण तेवढी सारखी. ‘संगम’मधल्या ‘गम्’चा लॅटिनमधला सख्खा भाऊ आहे ‘वेनीरे’, म्हणजे येणं, आणि तो सापडतो ‘कन्व्हेन्शन’मध्ये! तोंडवळा जराही जुळत नाही. हॉटेलच्या दारावरची ‘कन्व्हेन्शन हॉल’ ही पाटी तेव्हापासून मला निराळी दिसते.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आता उरलेलाही नसावा, असं संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात म्हणाला. म्हणजे ती मूळ भाषाही सरस्वतीच.

‘राजा’ आणि लॅटिन ‘रेक्स’ हे तिचेच दोन प्रवाह; ‘रीगल’ त्या ‘रेक्स’च्या घरातला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. लॅटिनच्या लेकीच्या, इटालियनच्या मुलखात त्यांची चिता रचली गेली ती आर्नो नदीला मुन्योने नदी येऊन मिळते तिथे, संगमावर.