सत्याचा हप्ता

आपल्या शरीरांतील एखादा दोष जगास सांगावा कीं न सांगावा, हा प्रश्न बहुधा ज्याच्या त्याच्या विवेकावर सोंपविला जातो. परंतु त्या दोषाचा दुसऱ्याच्या जिवाशीं संबंध आला, आणि शिवाय तो सांगितल्याबद्दल पदरचे पैसे मोजावे लागले, म्हणजे प्रश्नाचें स्वरूप पालटतें. ब्रिटनमध्यें इन्शुलिन टोंचून घेणारा मधुमेही मोटारीचा विमा उतरवूं पाहतो, तेव्हां तो नेमका याच पेंचांत सांपडतो.

१९२२ सालीं टोरोंटो येथें हें औषध प्रथम रोग्यास देण्यांत आलें, आणि जो रोग लहान मुलांस थोडक्याच काळांत नेत असे, त्याच्याशीं जन्मभर संसार करणें शक्य झालें. मात्र या संजीवनीस एक कांटा आहे. मात्रा अधिक झाली किंवा जेवण लांबलें, तर रक्तांतील साखर इतकी उतरते कीं हात कांपतात, दृष्टि अंधुक होते, प्रसंगीं शुद्धि हरपते. मोटारीचें चक्र हातीं असतां असें झालें, तर रस्त्यावरील निरपराध मनुष्यावर काळ ओढवतो.

म्हणून तेथील नियम कडक आहेत. परवाना देणाऱ्या खात्यास इन्शुलिनची गोष्ट कळविलीच पाहिजे. न कळविल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. परवाना मिळतो तो १, २ किंवा ३ वर्षांपुरता. निघण्यापूर्वीं २ तासांच्या आंत साखर तपासावी, प्रवासांत दर २ तासांनीं पुन्हां तपासावी. ती ४ मिलिमोलच्या खालीं असेल तर गाडी चालवूं नये, आणि पूर्ववत् झाल्यावरहि पाऊण तास थांबावें.

मग येतो विमा. १९३० च्या कायद्यापासून तेथें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय रस्त्यावर मोटार काढतां येत नाहीं. परवाना खात्यास कळविण्याजोगें कांहीं दुखणें आहे काय, असें अर्जांत बहुधा विचारलेलें असतें. खरें उत्तर द्यावें तर हप्ता वाढेल, कदाचित् नकारहि येईल, ही धास्ती. आणि मन लगेच युक्तिवाद करूं लागतें. रात्रभर जागलेल्या मनुष्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. मग मीं काय कोणाचें घोडें मारलें आहे?

या युक्तिवादास कायद्याचाहि थोडा आधार आहे असें वाटेल. १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं घालून दिलेला दंडक असा कीं, विमा उतरविणाऱ्यानें ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपण होऊन सांगावी. २०१२ च्या कायद्यानें सामान्य ग्राहकावरील हें ओझें उतरविलें. आतां विचारणें हें कंपनीचें काम, आणि वाजवी काळजीनें उत्तर देणें हें ग्राहकाचें. शिवाय १९८८ च्या कायद्याप्रमाणें, चालकाच्या शारीरिक स्थितीविषयींची अट पुढें करून जखमी तिऱ्हाइताची भरपाई कंपनीस नाकारतां येत नाहीं. तेव्हां लपविण्यानें कोणाचें वाईट झालें?

आमचें उत्तर असें. न विचारलेलें न सांगणें हा दोष नव्हे. विचारलेल्याचें खोटें उत्तर देणें हा दोष आहेच. भरपाईनें पैसा मिळतो, गेलेला पाय मिळत नाहीं. आणि कागदावर जो आपलें दुखणें लपवितो, त्यास तें रस्त्यावरहि लपवावेंसें वाटूं लागतें; सोबत्यांच्या देखत गाडी थांबवून साखर तपासण्याची त्यास लाज वाटते, आणि तेवढ्या लाजेनेंच घात होऊं शकतो. सत्याचें हें ऋण मुळीं कंपनीचें नव्हेच. तें रस्त्यानें चालणाऱ्या अनोळखी मनुष्याचें आहे. म्हणून हप्ता न्याय्य असो वा अन्याय्य, तें फेडलेंच पाहिजे.

परंतु एवढ्यानें कंपनीची सुटका होत नाहीं. विमा म्हणजे एकाचें संकट अनेकांनीं वांटून घेणें. ज्याच्यापासून धोका अधिक त्यानें वांटा अधिक द्यावा, हें आम्हांस मान्य आहे. पण धोका अधिक आहे हें सिद्ध व्हावयास हवें. २०१० च्या समता कायद्यानें हीच मर्यादा घातली आहे: अपंगत्वामुळें भेद करावयाचा, तर तो धोक्याशीं संबंध असलेल्या विश्वसनीय माहितीवर आधारलेला आणि वाजवी असला पाहिजे. केवळ रोगाचें नांव ऐकून आंकडा वाढविणें हें गणित नव्हे, पूर्वग्रह होय. शिवाय जी वस्तु घेण्याची कायदा सक्ति करतो, ती विकणारा साधा दुकानदार राहत नाहीं. ‘नको तर घेऊं नका’ असें म्हणण्याची त्यास सोय नाहीं.

आपल्या देशांत हा पेंच फारसा जाणवत नाहीं, कारण येथें तिऱ्हाइताच्या विम्याचा हप्ता खासगी मोटारीच्या इंजिनावरून ठरतो. चालकाच्या रक्ताची चौकशी त्यांत नाहीं. ही व्यवस्था कोणास खोटें बोलण्याचा मोह घालीत नाहीं, हा तिचा गुण. आणि सावध व बेफिकीर या दोघांस ती एकाच मापानें मोजते, हा तिचा दोष.

विचारणारी व्यवस्थाच अधिक चांगली, असें आमचें मत आहे. मात्र तिनें उत्तर नीट ऐकून घेतलें पाहिजे. ज्यानें वर्षानुवर्षें साखर मोजली, धोका वाटतांच गाडी थांबविली आणि विचारतांच खरें सांगितलें, त्यास रोगाच्या नांवावरून न मोजतां वर्तनावरून मोजावें. तसें न झाल्यास खरें बोलण्याबद्दलच दंड घेतल्यासारखें होईल; आणि जेथें सत्याचा हप्ता असत्याहून महाग पडतो, तेथें रस्त्यावरील सर्वांचाच धोका वाढतो.