स्वखुशीची सही

चिकोडीच्या न्यायालयात वकिली करताना मी असंख्य हक्कसोडपत्रे लिहिली. वडील निवर्ततात, भाऊ जमिनीचा उतारा घेऊन येतात, बहिणी सासरहून येतात आणि 'स्वखुशीने' या शब्दाखाली सह्या होतात. तो शब्द खरा असतो काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला गेलो असता. अग्रशाळेत एका वृद्ध महाजनांशी बोलणे निघाले. ते सहज म्हणाले, "आमच्याकडे मुलीला वाटा द्यावा लागत नाही, वकीलसाहेब, तो तिचा असतोच."

या 'असतोच'चे मूळ दूर फ्रान्समध्ये आहे. नेपोलियनच्या राजवटीत, २१ मार्च १८०४ रोजी, त्या देशाचा नागरी कायदा अमलात आला. राज्यसत्ता प्रथमच सामान्य माणसाच्या घरात इतक्या खोलवर शिरली. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चऐवजी सरकारी दप्तरात करण्याची क्रांतिकाळातील पद्धत कायम झाली, आणि आईबापांच्या मालमत्तेत ज्येष्ठ-कनिष्ठ वा मुलगा-मुलगी हा भेद उरला नाही. परंतु त्याच ग्रंथाने पत्नीला पतीची आज्ञा पाळण्यास बांधले आणि त्याच्या संमतीवाचून करार करण्यास मनाई केली. मुलगी म्हणून जे दिले, ते पत्नी म्हणून काढून घेतले. याच शास्त्याने १८०२ साली वसाहतींत गुलामगिरी पुन्हा सुरू केली होती, हेही विसरता येत नाही.

१८०७ साली फ्रेंच फौजा लिस्बनमध्ये शिरल्या आणि पोर्तुगालचे राजघराणे ब्राझीलला निघून गेले. पुढे त्या फौजांना परतावे लागले. ग्रंथ मात्र परतला नाही. पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी कायद्यावर त्याची छाप आहे. तो कायदा १८७० साली गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही रूढी १८८० च्या हुकुमाने राखण्यात आल्या. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी आपल्या संसदेने १९६२ साली तेथील चालू कायदे कायम ठेवले. आज तेथील वारसाहक्क २०१२ च्या अधिनियमाने चालतो, पण अपत्यांच्या समान वाट्याचे तत्त्व तेच आहे.

ज्यांनी आपल्या पूर्वजांची देवळे पाडली, ज्यांच्या भयाने देव आणि भक्त दोघांनी स्थलांतर केले, त्यांच्या हातून आलेला न्याय आपण न्याय म्हणावा काय? मला वाटते, म्हणावा. आणणाऱ्याचे पाप त्याच्या माथी राहो. कायद्याची किंमत तो कोणाच्या पाठीशी उभा राहतो यावरून ठरते.

आपल्याकडेही आता कायदा अपुरा नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. फ्रान्सच्या ग्रंथात देणारा आणि घेणारा कायदाच होता. येथे कायदा देतो आणि घर परत घेते.

यावर आक्षेप येईल, की बहीण मायेने देते, तेथे वकिलाने का पडावे? गोव्यातही बहिणी वाटा सोडतातच. आक्षेप रास्त आहे. पण याच कर्नाटकाच्या भूमीत विज्ञानेश्वरांची मिताक्षरा लिहिली गेली, आणि आपल्या धर्मशास्त्राने दानाचा अर्थ नेमका सांगितला आहे: आपले स्वत्व सोडून ते दुसऱ्याच्या ठायी निर्माण करणे. जे आपले आहे हे ठाऊकच नाही, ते सोडायचे कसे? आणि नाही म्हटल्यास माहेरचे दार मिटेल, या धास्तीने जे सोडले जाते, त्याला दान म्हणणे म्हणजे दानाचाच अपमान आहे.

हे मी परक्यांना सांगत नाही. आमचे वडील वारल्यावर हक्कसोडपत्राचा मसुदा मीच लिहिला. धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, कुठं सही करू?" मी बोटाने जागा दाखवली, तिचा वाटा किती, हे सांगितले नाही. तिने विचारले नाही, हे माझे समर्थन होऊ शकत नाही.

गेल्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात मी तो उतारा ठेवला, तिचा हिस्सा वाचून दाखवला आणि म्हणालो, "हे तुझे आहे. ठेव किंवा दे, घाई नाही." तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला. निर्णय अजून कळविलेला नाही. मीही विचारलेले नाही.