आपल्याच वर्गाचा न्याय

ज्याचें कृत्य त्यानेंच त्याचा न्याय करावा, ही गोष्ट कोणतेंही न्यायासन मान्य करणार नाहीं. मग शिक्षकानें आपल्याच वर्गांतील अडचण शोधावी, तीवर उपाय योजावा आणि त्याचें फलही आपणच तपासावें, असें सांगणाऱ्या कृतिसंशोधनावर विश्वास कसा ठेवावा? कर्ट लेविन यांच्या १९४६ च्या निबंधानें ही संज्ञा रूढ झाली. पुढें अमेरिकेंत स्टीफन कोरी यांनीं १९५३ सालीं तिचा शाळांच्या सुधारणेशीं संबंध जोडला, आणि १९७५ सालीं इंग्लंडांत लॉरेन्स स्टेनहाउस यांनीं शिक्षकानेंच संशोधक व्हावें असें प्रतिपादिलें. परंतु वरील आक्षेप तेवढ्यानें नाहींसा होत नाहीं.

आमच्या मतें न्यायाधीश कोण, यापेक्षां आरोपी कोण, हा प्रश्न येथें अधिक महत्त्वाचा आहे. बाहेरचा परीक्षक निःपक्षपाती असेल. पण मागच्या बाकावरील मूल रोज गप्प कां असतें, हें एका भेटींत त्यास कळत नाहीं. तें वर्गशिक्षकासच कळूं शकतें. मात्र त्यासाठीं त्यानें स्वतःच्या अध्यापनपद्धतीस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें पाहिजे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें उदाहरण घ्यावें. १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिल्यावर गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. पालकांच्या अज्ञानास दोष देऊन स्वस्थ बसणें सोपें होतें. या बाईंनीं बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाड येथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणांत भरूं लागली. शाळेची जागा, वेळ आणि रीत यांचीच त्यांनीं फेरतपासणी केली होती.

आज कृतिसंशोधन शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत समाविष्ट आहे. त्याच्या अहवालांत उणीव विद्यार्थ्याची, उपाय शिक्षकाचा आणि यश आधींच ठरलेलें, असा सांचा आढळला, तर तेथें शोध झालाच नाहीं, असें आम्ही म्हणूं. तथापि सगळा दोष शिक्षकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. आपला उपाय फसला असें लिहिणाऱ्याचे गुण कापले जात असतील, किंवा त्याच्या सेवापुस्तकांत शेरा पडत असेल, तर खरें कोण लिहील? सत्य सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाहीं, एवढी हमी मुख्याध्यापकांनीं व अधिकाऱ्यांनीं आधीं दिली पाहिजे. नाहीं तर अहवालांचे ढीग वाढतील, आणि मागच्या बाकावरील मूल गप्पच राहील.