कोयत्याचे पाणी

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेस त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंड्या नाशिक सोडल्यावर सातपूरवरून पुढे जातात. एके काळी या वाटेला मळे होते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या रानात कारखाने उभे राहिले. मळे गेले, पण जुन्या घरांत कोयता अजून आहे. जळण तोडायला, नारळ सोलायला लागतोच की! त्याला धार लावणारा हात मात्र बदलला.

आपल्याकडचा लोहार मोटारीच्या कमानीचा जुना पाटा घेऊन कोयता घडवतो. पाते लालभडक करून विझवले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून तो ते बेताने पुन्हा तापवतो. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास पात्यावर गवती पिवळा रंग चढतो, तीनशेच्या आसपास निळा. कठीणपणा थोडा उतरतो, चिवटपणा येतो. हे झाले पाणी देणे. गंमत अशी, की पाणी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती नुसती धार.

आता घरातला तरुण तोच कोयता विजेच्या कोरड्या चाकावर धरतो. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत पाते आरशासारखे होते. पण कडेला निळी रेघ उमटली का, ते कोण पाहतो? रेघ उमटली म्हणजे पाणी उतरले. पहिल्या दिवशी कागद कापतो, दुसऱ्या दिवशी बाभळीवर धार वळते. मग माणूस जोर लावतो, कोयता निसटतो आणि नडगीवर येतो.

धार लावताना लोखंड वाढत नाही, झिजते. झिजलेले परत येत नाही. मुलाला एका रात्रीत सरळ करीन म्हणणारा बाप असेच कोरडे चाक फिरवत असतो. चारचौघांत बोलून बोलून पोराला चकचकीत करतो. पोर मान खाली घालते, बाप म्हणतो सुधारला. आत काय जळाले, ते पुढे कळते. अहो, दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या की!

दुसरी खोड म्हणजे कोयत्याला वस्तऱ्याची धार हवी. सेना महाराजांचा वस्तरा वेगळा, सावता महाराजांचे खुरपे वेगळे. पातळ धार लाकडाच्या गाठीवर तुटते. चौकोनी कागदाचा कोपरा दोनदा मधोमध दुमडा; साडेबावीस अंश होतात. जळणाच्या कोयत्याला प्रत्येक बाजूस एवढा उतार पुरे. ओला चारा कापायचा असेल तर थोडा कमी. ओल्या दगडावर सावकाश घासावे, पाते बोटाला कोमट लागले की पाण्यात बुडवावे.

आधीच निळा पडला असेल तर तेवढी कड ओल्या दगडावर झिजवून काढावी. निळेपणा फार आत गेला असेल तर लोहाराकडेच न्यावा. तो पुन्हा पाणी देईल.

आणि यात्रेच्या गाडीत कोयता पोत्यात गुंडाळून, मूठ बाहेर ठेवूनच टाकावा. मुक्कामी जळण फोडणारा अंधारात हात घालतो.