वेष्टन टाकले, तरी जबाबदारी उरते



पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कार आपणां सर्वांना ठाऊक आहे. योहानच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात आपण वाचतो, की लोकसमुदाय तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती कशाचीच उणीव नव्हती, त्यानेही काही वाया जाऊ दिले नाही. जेवणानंतर मागे काय उरते, हाही प्रभूच्या काळजीचा विषय होता.

आपल्या खाण्यानंतर आज काय उरते? वेफर्सचे चकचकीत पाकीटच घ्या. त्यात प्लास्टिकचे पातळ थर आणि धातूचा मुलामा एकत्र जोडलेला असतो. त्यामुळे हवा व दमटपणा आत शिरत नाही आणि खाऊ टिकतो. हे काम चांगलेच आहे, कारण अन्न नासणे हीसुद्धा नासाडीच. परंतु ते थर पुन्हा वेगळे करणे कठीण, म्हणून भंगारवालाही असे पाकीट सहसा घेत नाही.

प्रत्येक वस्तूचा अंतिम हेतू कोणता, असे ॲरिस्टॉटल आपल्याला विचारायला शिकवतो. पाकिटाचा हेतू अन्न सांभाळणे हा आहे. तो काही महिन्यांत पूर्ण होतो. पाकीट मात्र आपल्या नातवंडांच्या काळातही जमिनीत पडून राहील. काम संपले तरी साधन संपत नसेल, तर त्याच्या घडणीतच दोष आहे.

आपल्या वसईच्या वाडवडिलांनी राजेळी केळी सुकवून सुकेळी केली आणि ती केळीच्याच सुक्या पानांत बांधली. ज्या झाडाने फळ दिले, त्यानेच वेष्टनही दिले. खाऊन झाल्यावर पान पुन्हा मातीत गेले. ही खरी कल्पकता! आज सारेच पानात बांधता येणार नाही, हे आपण जाणतो. पण एकाच प्रकारच्या साहित्याचे पाकीट किंवा परत घेता येणारी बाटली बनवणे कारखानदारांना शक्य आहे. २०१६ च्या नियमांनी प्लास्टिक वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर देशभर बंदी आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वापरून फेकण्याच्या वृत्तीविषयी आपल्याला सावध केले होते.

तरीही कायद्याच्या आधी अंतःकरण बदलावे लागते. मिस्साबलिदानात पवित्र भाकरीचा एक कणही खाली पडू नये, म्हणून आपण जपतो. त्याच मिस्सानंतर, सणाच्या दिवशी, चर्चच्या अंगणात कप आणि पाकिटे आपण सहज टाकून देतो. ती वाकून उचलणारी सफाई कामगार भगिनीही ख्रिस्ताचीच प्रतिमा आहे. वेदीवरचा आदर अंगणात का संपावा?

म्हणून येत्या सणाला, लग्नाला, बारशाला स्टीलची ताटे-पेले वापरू या आणि ती मिळून धुऊ या. बाजारात डबा व कापडी पिशवी नेऊ या. मुलांच्या हाती पाकिटाऐवजी घरचा खाऊ देऊ या.

हे प्रभो, तू दिलेल्या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या मागे जे उरते, त्याचीही काळजी घेण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.