मोहफुलाची प्रतवारी

साके या जपानी तांदळाच्या दारूच्या महागड्या बाटलीवर एक टक्केवारी छापलेली असते. तांदळाचा दाणा घासून त्याचा किती भाग उरवला, ती. 'दाइगिंजो' या वरच्या प्रतीची म्हणवून घ्यायचे तर तो निम्म्याहून जास्त उरता कामा नये. मग कोजी बुरशी, थंडीतले संथ आंबवणे आणि साऱ्याला जबाबदार असलेला मुख्य कारागीर, तोजी. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या विद्येला वारशाचा मान दिला.

गडचिरोलीच्या माडिया-गोंडांची मोहाची दारूही देवाला चढते, जन्म-लग्न-मरणात लागते. मग तिच्या वाट्याला हा मान का नाही? मला वाटते, लपूनछपून केलेल्या कामाला कर्त्याचे नाव लागत नाही, आणि नाव नसले की प्रत राखायची गरजही उरत नाही. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे-कुलाब्यात मोहफुले गोळा करण्यावरच कायद्याने बंधन घातले; महसुलाला गावची भट्टी खुपत होती. पुढे चोरट्या भट्टीत फुलांबरोबर गूळ आला, नवसागर आला.

म्हणून दारूबंदी उठवा, असे मात्र मी म्हणणार नाही. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपूरच्या बाया दारूबंदी मागत २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. नवऱ्याच्या पिण्याने ज्यांची चूल विझली त्यांच्यापुढे वारशाची भाषा मला तरी बोलवत नाही.

पण प्रत राखायला बाटलीच कशाला हवी? फूल आहेच की. चैत्राच्या तोंडावर बाया पहाटे अंधारातच झाडाखाली जातात. जमीन दिसावी म्हणून आधी पाचोळा जाळलेला असतो. तीच आग कधी जंगलात शिरते. खाली वाकून वेचणारीवर ताडोबाच्या बाजूला वाघही झडप घालतो. इतका जीव धोक्यात घालून आणलेले फिकट, रसाळ फूल अंगणातल्या मातीत वाळते आणि खड्यांसकट तोलले जाते. झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाही, पाचोळाही जाळावा लागत नाही. अशा स्वच्छ फुलाचे लाडू होतात, सरबत होते. त्याला वेगळा भाव मिळायला हवा, आणि तो ठरवताना व्यापाऱ्यासमोर एकटी बाई नको, ग्रामसभा बसलेली हवी. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा अधिकार दिलेलाच आहे; गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवून बांबूच्या विक्रीत तो वापरूनही दाखवला.